पॅकमॅनची भुतं: दर चवथीला होणाऱ्या त्याच त्या चुका

चवथीला, म्हणजे गणपतीत, भाचे मंडळी फोंड्याला आली, गणपतीवर फळापानांची माटोळी बांधून झाली की माझा जुना पीसी चालू होतो आणि त्यावर पॅकमॅन, म्हणजे चक्रव्यूहात चार भुतांना चुकवत सगळे टिपके खायचा गेम. गेम १९८० चा, पोरं आत्ताची, आणि चुका दर वर्षी त्याच. म्हणून यंदा लिहूनच ठेवतोय, घसा बसतो हो ओरडून.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे चारही भुतं एकच समजून नुसतं पळत सुटणं. आमची आजी सांगायची की देवचाराची, म्हणजे गावच्या राखणदार भुताची, वाट ठरलेली असते, तिथे खाट टाकू नये. इथेही तसंच आहे. लाल ब्लिंकी सरळ पाठीवर येतो. गुलाबी पिंकी तुमचं तोंड जिकडे असेल तिकडे चार घरं पुढे जायला बघते, म्हणजे वाट अडवते. आकाशी इंकी तुम्ही कुठे आणि ब्लिंकी कुठे दोन्ही बघून हिशेब करतो म्हणून तो बेभरवशाचा, आणि नारिंगी क्लाइड आठ घरांच्या आत आला की स्वतःच तोंड फिरवून खालच्या डाव्या कोपऱ्याकडे निघतो. आता पोरं काय करतात, तर क्लाइडला बघून घाबरतात आणि धावत जाऊन पिंकीच्या पुढ्यात. वर "मामा, हिने चीटिंग केली!" चीटिंग कसली बाबा, तूच तोंड दाखवलंस ना तिला. माझी सवय सांगतो, पिंकी समोरून आली आणि मध्ये वळण असलं की मी क्षणभर तिच्याच दिशेने तोंड करतो, तिचं लक्ष्य तिच्या मागे जातं आणि बऱ्याचदा ती त्या वळणावर वळून जाते. धडधडतं, पण चालतं.

पॉवरची गोळी, म्हणजे जी खाल्ली की थोडा वेळ तुम्हीच भुतांना खाऊ शकता ती, दिसली की लगेच गिळू नका, भुतं जवळ येऊ देत. एकापाठोपाठ भुतं खाल्ली की २००, ४००, ८००, १६०० असे पॉइंट वाढतात, पण पहिल्या लेव्हलला ६ सेकंदच मिळतात, तेव्हा चौथ्यामागे अख्खा नकाशा फिरू नका.

एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघायचा बोगदा वापरा. भुतं तिथे रांगतात, तुम्ही नाही.

आता माझी स्वतःची नामुष्की. शाळेत असताना शुक्रवारी बाबांबरोबर म्हापशाच्या बाजारात जायचो, ते मासळी घेईपर्यंत मी गेम पार्लरमध्ये. एकदा पहिल्याच लेव्हलला ९,७८० झाले, १०,००० ला जादा लाइफ, फक्त १२ टिपके उरलेले पण अर्धे एका कोपऱ्यात आणि अर्धे दुसऱ्या. मला माहीत होतं की भुतं मधूनमधून पाठलाग सोडून काही सेकंद आपापल्या कोपऱ्यात जातात, म्हणून थांबलो. तिघं गेली. ब्लिंकी नाही गेला, आणि वर वेगही वाढलेला! शेवटची लाइफ, खेळ खलास, मागे बाबा पिशवी घेऊन उभे. खूप नंतर कळलं की पहिल्या लेव्हलला २० टिपके उरले की ब्लिंकी जोरात सुटतो आणि कोपऱ्यात जाणं बंद करतो, १० उरले की अजून जोरात. तेव्हापासून शेवटचे टिपके मी एकाच जागी, सलग ठेवतो, आणि ब्लिंकी पाठीवर असेल तर रिकाम्या गल्लीतून पळतो कारण टिपके खाताना पॅकमॅन मंदावतो.

चारही भुतं अचानक उलटी फिरली तर ती घाबरली असं समजू नका, फक्त पाठलाग आणि कोपरा यांची अदलाबदल झाली.

व्हिडिओ बघून पॅटर्न, म्हणजे ठरलेली वळणं, पाठ करणाऱ्यांबद्दल काय बोलू. एक वळण जरा उशिरा घेतलं की पाठांतर पाण्यात, मग तोंड उघडं टाकून स्क्रीनकडे बघत बसायचं. आधी दहा गेम मरा, भुतं ओळखा, एवढी घाई कसली आहे?

आणि नेवऱ्या खाऊन तेलकट हाताने माझ्या कीबोर्डला हात लावायचा नाही, वरचा बाण आधीच अडकतो.