मुलाच्या कंबरेचा घेर कसा मोजावा आणि त्यावरून लठ्ठपणा कसा ओळखावा

वजनकाटा मूल किती जड आहे एवढेच सांगतो. चरबी कुठे साठली आहे हे त्यावरून कळत नाही. पोटाच्या आत, यकृताभोवती साठणारी चरबी पुढे मधुमेह आणि रक्तदाबाकडे नेऊ शकते, आणि तिचा अंदाज कंबरेवरून येतो. मात्र नुसता घेर पुरत नाही, कारण उंचीबरोबर कंबरही वाढते. ६० सेंटिमीटर घेर ११५ सेंटिमीटर उंचीच्या मुलाला जास्त आहे, १४० सेंटिमीटरच्या मुलाला नाही. म्हणून घेराला उंचीने भागायचे. ही पद्धत पाच वर्षांपुढच्या मुलामुलींसाठी आहे.

१. उंची. अनवाणी, टाचा भिंतीला टेकवून, नजर समोर ठेवून मोजा.

२. टेप. न ताणणारा घ्या. जुना कापडी टेप ओढला जाऊन लांबतो आणि घेर कमी दाखवतो. आधी पट्टीशी ताडून पाहा.

३. जागा. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. चड्डीचा पट्टा बसतो ती कंबर नव्हे, आणि बेंबीही भरवशाची खूण नाही. पोट सुटले की ती खाली सरकते. कुशीत बोटांनी चाचपा: शेवटच्या बरगडीची खालची कड आणि कमरेच्या हाडाची वरची कड. दोन्हींच्या बरोबर मध्ये पेनाने खूण करा, दोन्ही बाजूंना. जाड मुलात हाड लवकर लागत नाही. त्याला बाजूला थोडे वाकायला सांगा, म्हणजे घडी पडते आणि बरगडी सापडते.

४. माप. कपडा वर करून टेप थेट त्वचेवर, जमिनीला समांतर ठेवा. पाठीमागे तो हमखास खाली घसरतो, तिकडे जाऊन बघा. टेप टेकलेला हवा, रुतलेला नको. मापताना मुले पोट आत ओढतात. त्याला बोलते करा आणि सहज श्वास सोडून झाला की आकडा वाचा. जेवणानंतर लगेच मोजू नका. दोनदा मोजा, फरक एक सेंटिमीटरहून जास्त आला तर तिसऱ्यांदा.

५. भागाकार. घेर ६६, उंची १२८ असेल तर ६६ ÷ १२८ = ०.५२. गुणोत्तर ०.५ च्या खाली असेल तर ठीक. ०.५ ते ०.५९ म्हणजे पोटावर चरबी जास्त, ०.६ किंवा पुढे म्हणजे धोका बराच वाढलेला. याच उंचीला घेर ६३ असता तर ०.४९ आले असते, म्हणजे दोन-तीन सेंटिमीटरची चूक निष्कर्ष फिरवते. सीमेवरचा आकडा आला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा.

गुणोत्तर हे निदान नव्हे. ०.५ किंवा जास्त आले तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. ते वयानुसार बीएमआय (उंचीच्या मानाने वजन), रक्तदाब, गरज पडल्यास साखरही तपासतील. मानेवर मखमलीसारखी काळसर, जाडसर त्वचा दिसत असेल किंवा मूल झोपेत घोरत असेल तर तेही सांगा. तोवर स्वतःच्या मनाने जेवण तोडू नका, वाढते वय आहे. आणि आकडा भावंडांसमोर मोठ्याने वाचू नका. एकदा लाज वाटली की मूल पुढच्या वेळी टेपजवळ उभे राहत नाही.