वेळणेश्वर-हेदवी: आधी तिथी, मग पिशवी

रत्नागिरी जिल्ह्यात समुद्रकाठी असलेल्या वेळणेश्वरला एका दिवसासाठी जायचं तर बॅग काढण्याआधी कालनिर्णय काढा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. पंचमीला पावणेचार, चतुर्दशीला साडेदहा. थोडं पुढेमागे होतं, पण दिवस आखायला पुरतं. मी चतुर्दशी किंवा पौर्णिमा-अमावास्या धरते. सकाळी जवळच्या हेदवीच्या बामणघळीत उधाणाचं पाणी कातळाच्या फटीतून उसळताना दिसतं, आणि सहा तासांनी, उन्हं उतरताना, वेळणेश्वरच्या ओहोटीच्या ओल्या वाळूवर लांबवर चालता येतं. अष्टमीला भांगाची, म्हणजे कमी जोराची, भरती असते, त्या दिवशी बामणघळ पाहून मुलं विचारतात, "एवढंच?"

घळीपाशी मात्र लांबूनच बघायचं. कातळावर शेवाळ असतं, म्हणून पायात पकड असलेली, मागे पट्टा असलेली चप्पल हवी. बूट नकोत, त्यात वाळू शिरली की घरापर्यंत येते.

जेवणाचं आदल्या दिवशीच फोन करून सांगून ठेवा. गावातल्या घरगुती खानावळीत माणसं मोजून भात लागतो. दीड वाजता सहाजण दारात उभे राहिलात तर त्यांचीही पंचाईत आणि तुमचीही. मोदक हवे असतील तर तेही तेव्हाच सांगायचे. अंघोळीला गोडं पाणी मिळेल का, हेही त्याच फोनवर विचारून घ्या.

पेट्रोल चिपळूण किंवा गुहागरला भरा, रोख पैसे आणि सुटे जवळ ठेवा. एसटीने जाणाऱ्यांनी उतरल्या उतरल्या परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारावी. गाडी असेल तर ती नारळाच्या सावलीत राहू द्या. वाळूवर नेलेली गाडी भरतीत रुतते आणि मग सगळं गाव ढकलायला येतं.

पिशवीत सुती कपड्यांचा जादा जोड, टॉवेल, टोपी, पाणी, ओल्या कपड्यांना एक पिशवी आणि कचऱ्याला दुसरी. वेळणेश्वराच्या आणि हेदवीच्या दशभुजा गणपतीच्या देवळात ओलेत्याने जाऊ नये, म्हणून दर्शन आधी, समुद्र नंतर. स्पीकर घरी ठेवा. पोहणार असाल तर पाणी चढतं आहे की उतरतं, हे गावातल्या माणसाला विचारून मगच उतरा. ओहोटीला बाहेर ओढ असते. पावसाळ्यात तर पायही बुडवायचे नाहीत.