परवाना हातात, पण जाळायला दिवस मिळेना

छाटलेल्या फांद्या-झुडपांचा ढीग जाळायचा परवाना काढणं तसं सोपं गेलं. अर्ज, जागेचा कच्चा नकाशा, शेजाऱ्यांना कळवलं, झालं. खरी गंमत पुढे होती. परवाना असला तरी त्या-त्या दिवशी सकाळी परवाना देणाऱ्यांना ‘आज जाळू का’ असं विचारावं लागायचं, आणि हवा कोरडी किंवा वारा जोराचा असला की उत्तर ठरलेलं: आज नाही. पाऊस पडून गेला की ‘जाळा’ म्हणायचे, पण तेव्हा ढीग ओलाचिंब. नुसता धूर!

तोडगा निघाला तो ताडपत्रीचा. पावसाआधीच ढिगाचा माथा झाकला, बाजू वाऱ्याला उघड्या ठेवल्या. भोवतालचं गवत भिजलं, ढिगाचा गाभा मात्र खडखडीत कोरडा राहिला. एका मोठ्या ढिगाचे लहान ढीग केले आणि प्रत्येकाभोवती गवत मुळासकट खरवडून उघडी माती ठेवली. पाहणीला आलेल्या माणसाने आधी वर बघितलं, डोक्यावर फांद्या किंवा विजेच्या तारा आहेत का. मग पाण्याचा पाइप चालू करून दाखवायला लावला. बरोबरच आहे, नळाला पाणीच नसेल तर पाइप काय शोभेला?

पेटवण्याआधी ताडपत्री काढायची. प्लास्टिक जाळायला परवानगी नसते. जाळायचं सकाळीच, एका वेळी एक ढीग, कारण दुपारी वारा उठतो. शेवटी राखेत पाणी ओतून फावड्याने ढवळायचं, पुन्हा ओतायचं, मग हाताची मागची बाजू जवळ नेऊन धग लागते का बघायचं. जवळ जुनं खोड असेल तर दुसऱ्या दिवशीही फेरी मारा, मुळांमध्ये आग धुमसत राहते.