चेहऱ्यावरचे डाग घरच्या घरी फिके करताना

मुरूम बसल्यावर मागे राहिलेला तपकिरी ठिपका, डास चावल्याच्या जागी उरलेली काळसर खूण आणि उन्हाने रापलेली कातडी, एवढ्यांवरच घरगुती उपाय करावेत. त्वचेला इजा झाली की त्या जागी मेलॅनिन हे रंगद्रव्य जास्त तयार होते आणि त्याचाच हा डाग असतो. त्वचेचा वरचा थर साधारणपणे चार आठवड्यांत नवा होत असल्यामुळे वरवरचा डाग काही महिन्यांत बहुधा आपणहून फिका पडतो. डाग खोल असेल तर अधिक काळ लागतो. लेपाचा वाटा यात थोडाच असतो. खरा प्रश्न उन्हाचा आहे, कारण फिका पडत आलेला डाग ऊन पुन्हा गडद करते.

म्हणून सुरुवात सावलीपासून करावी. उसाच्या भांगलणीला जाणाऱ्या बायका डोक्यावरून पदर घेऊन तोंडाला फडके बांधतात, ती पद्धत कोणत्याही लेपापेक्षा गुणकारी आहे. दुचाकीवरून शहरात फिरणाऱ्यांनी सुती स्कार्फ बांधावा आणि एसपीएफ ३० किंवा त्याहून अधिकचे सनस्क्रीन दोन बोटांच्या लांबीइतके घेऊन चेहऱ्याला व मानेला लावावे. उन्हात राहायचे असेल तर दर दोन तासांनी ते पुन्हा लावावे लागते, आणि नेमके हेच बहुतेकजण विसरतात.

लेपासाठी मसुरीची डाळ बारीक दळून वस्त्रगाळ करावी, कारण भरड पीठ त्वचेला ओरखडते आणि ओरखड्यातून नवा डाग उठतो. दोन चमचे पिठात चमचाभर ताजे दही मिसळावे; दह्यातील लॅक्टिक आम्ल सौम्य असते आणि मृत पेशी सैल करते. त्वचा कोरडी असेल तर दह्याऐवजी साय घ्यावी. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरून म्हशीचे दूध आणणाऱ्या घरांत तिची वाण नसते, मात्र मुरमे येणाऱ्यांनी साय टाळलेलीच बरी. हळद घालायचीच असेल तर चिमूटभर पुरे, कारण हळदीने उजळलेला चेहरा पुष्कळदा नुसता हळदीच्या रंगाचा असतो आणि काहींना तिची ॲलर्जीही असते. लेप आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहावा. खाज किंवा लाली आली नाही तरच तो चेहऱ्याला लावावा आणि दहा मिनिटांनी, पूर्ण वाळण्यापूर्वी, न चोळता कोमट पाण्याने धुवावा. आठवड्यातून दोनदा एवढे पुरते. रात्री कोरफडीचा गर लावता येतो. पान कापल्यावर पंधरा मिनिटे उभे ठेवून त्यातला पिवळा चीक निथळू द्यावा, कारण खाज सुटते ती त्या चिकामुळे.

लिंबाविषयी मात्र माझे मत ठाम आहे. आमच्या नात्यातील एका बाईंनी लिंबाची फोड चेहऱ्यावर चोळली आणि तशाच त्या चैत्र यात्रेला जोतिबाच्या डोंगरावर गेल्या. घरी येऊन गुलाल धुतला तरी चेहरा लालच राहिला, दुसऱ्या दिवशी फोड आले आणि पुढे कित्येक महिने मूळ डागांहून मोठे काळे चट्टे राहिले. लिंबाच्या रसातील काही द्रव्ये उन्हाशी संयोग पावली की त्वचा भाजते. खाण्याचा सोडा आणि टूथपेस्टही चेहऱ्यापासून दूरच ठेवावी.

तीळ आणि चामखीळ यांना घरी हात लावू नये. चामखिळीला घोड्याचा केस बांधणे, तिळाला चुना आणि धुण्याचा सोडा लावणे किंवा बिब्ब्याचे तेल टोचणे हे प्रकार अजूनही ऐकू येतात. बिब्बा आणि चुना दोन्ही कातडी जाळतात, तीळ गेला तरी कायमचा व्रण राहतो. तिळाची कड वेडीवाकडी झाली, रंग बदलला, तो सहा मिलिमीटरहून मोठा झाला किंवा त्यातून रक्त आले, तर डॉक्टरांनाच दाखवावा.

मळासारख्या दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीला मळ समजू नये. मानेवर मखमलीसारखा जाड काळेपणा आला की बटाटा घासून मान सोलवटून घेणारे पुष्कळ आहेत. तो बहुधा वाढलेल्या वजनाचा आणि इन्सुलिनच्या बिघाडाचा परिणाम असतो, म्हणून आधी साखर तपासावी. गालावरचे वांग गरोदरपणात वाढते आणि लेपाला फारशी दाद देत नाही. चिकटणाऱ्या टिकलीखाली पांढरा डाग पडू लागला तर टिकली ताबडतोब बंद करावी. फिकट चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल तर कुष्ठरोगाची तपासणी लगेच करून घ्यावी. सरकारी दवाखान्यात त्यावरचे उपचार मोफत मिळतात आणि रोग पूर्ण बरा होतो. तालमीतल्या पोरांच्या अंगावर कडा उठलेले, खाजणारे गोल चट्टे दिसतात तो नायटा असतो. त्यावर लेप लावू नये आणि एकमेकांचे लंगोट व टॉवेल वापरू नयेत.

औषधाच्या दुकानातून नुसत्या तोंडी सल्ल्याने आणलेल्या गोरेपणाच्या ट्यूबमध्ये अनेकदा स्टेरॉइड असते. आठवडाभर चेहरा तुकतुकीत दिसतो, मग त्वचा पातळ होते, मुरमे उठतात आणि ट्यूब सोडली की आग होऊ लागते.

सुरुवातीलाच डागाचा फोटो खिडकीपाशी सकाळच्या उजेडात काढून ठेवावा आणि दर चार आठवड्यांनी त्याच जागी पुन्हा काढावा, कारण रोजच्या आरशात फरक कळत नाही. तीन महिन्यांत काहीच बदल झाला नाही तर कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात किंवा जवळच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे, आणि जाताना आजवर चेहऱ्याला लावलेल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून न्याव्यात.