नवीन पोरांना व्हीपीएफ चालू करायला लावायचाय? आधी त्यांची सॅलरी स्लिप उघडा

मी चाकणला एका कंपनीत पेरोल बघते, बारा वर्षं झाली. लाईनवर, स्टोअरला, क्वालिटीला नवीन लागलेली पोरंपोरी रोज समोर असतात, बहुतेक तेवीस-चोवीस वर्षांची. त्यांनी पगारातून स्वतःहून थोडे जास्तीचे पैसे पीएफमध्ये (भविष्य निर्वाह निधीत) टाकावेत, यालाच व्हीपीएफ म्हणजे व्हॉलंटरी प्रॉव्हिडंट फंड म्हणतात, म्हणून मी बरेच प्रयत्न केले. तुमच्या हाताखाली, घरात, रूमवर अशी पोरं असतील तर कसं सांगायचं ते लिहिते.

पहिली गोष्ट म्हणजे म्हातारपण हा शब्दच काढू नका. चोवीस वर्षांच्या पोराला अठ्ठावन्नाव्या वर्षाचं काहीच दिसत नाही आणि त्यात त्याची चूक पण नाही, त्याला रूमचं भाडं दिसतं, गाडीचा हप्ता दिसतो, गावाला पाठवायचे पैसे दिसतात. म्हणून मी स्लिपपासून सुरू करते.

मागच्या वर्षी लातूरकडचा एक मुलगा आला, म्हणाला "मॅडम, हे १,८०० रुपये दर महिन्याला कापतात ते नक्की जातात कुठे?" त्याला शेजारी बसवलं, त्याच्याच मोबाईलवर सरकारच्या उमंग अ‍ॅपमधून पीएफचं पासबुक उघडलं. तीन आकडे दिसले, १,८००, ५५० आणि १,२५०. बेसिक (मूळ पगार) १५,००० म्हणून त्याचे १२ टक्के १,८००, कंपनीचे पण तेवढेच, फक्त कंपनीच्या वाट्यातले १,२५० पेन्शन खात्यात जातात आणि ५५० पीएफला. त्याला इतके दिवस वाटत होतं की ते १,२५० कंपनी खाते! हा गैरसमज लई जणांचा असतो, आणि तो डोक्यात असताना तुम्ही अजून पैसे टाक म्हणालात तर कोण ऐकेल? त्यामुळे पासबुक आधी, सल्ला नंतर.

मग व्हीपीएफ सांगायचा, तोही दोन वाक्यात. आपल्या १२ टक्क्यांच्या वर आपण ठरवू तेवढी रक्कम, अगदी सगळ्या बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) इतकी सुद्धा, त्याच पीएफ खात्यात टाकता येते आणि व्याज पीएफचंच मिळतं, २०२३-२४ आणि २०२४-२५ ला ते ८.२५ टक्के होतं. कंपनी त्यात जास्तीचं काही घालायला बांधील नाही हे पण तेव्हाच सांगून टाका, नंतर कळलं की पोरांना फसवल्यासारखं वाटतं.

आता आकडा. हा मी कागदावर पेनाने करून दाखवते, मोबाईलवर नाही. महिन्याला २,००० रुपये, चोविसाव्या वर्षी चालू केले आणि व्याज ८.२५ टक्केच राहिलं असं धरलं (दर दरवर्षी ठरतो, बदलू शकतो, हे सांगायचंच) तर अठ्ठावन्नाव्या वर्षी साधारण ४१ लाख होतात. तेच चौतिसाव्या वर्षी चालू केले तर साधारण १७ लाख. मधल्या दहा वर्षांत खिशातून जास्तीचे गेले फक्त २ लाख ४० हजार. त्या मुलाने कागद परत परत बघितला, मग घडी करून पाकिटात ठेवला.

टॅक्स वाचतो म्हणून विकायला जाऊ नका. या पगारात बहुतेकांना टॅक्स लागतच नाही, आणि टॅक्सच्या नवीन रिजीममध्ये अशा बचतीवरची सूट (८०सी) पण नाही. ज्याचं वर्षाचं स्वतःचं योगदान अडीच लाखांच्या वर जातं त्याच्या वरच्या रकमेच्या व्याजावर टॅक्स लागतो, पण ते आपल्या पोरांच्या बाबतीत लांबचं आहे.

रक्कम त्यालाच ठरवू द्या. ५०० म्हणाला तर ५००. आणि क्रेडिट कार्डचं बिल थकलेलं असेल, कुठल्या अ‍ॅपवरून कर्ज घेतलं असेल तर स्पष्ट सांगा की आधी ते फेड, दोन-तीन महिन्यांचा खर्च बँकेत ठेव, मग बघू. मी अशा दोघांना परत पाठवलंय, त्यातली एक मुलगी आठ महिन्यांनी आपणहून आली.

चालू करायची वेळ फार महत्त्वाची. इन्क्रिमेंट लागलं की त्याच महिन्यात, वाढलेला पगार एकदा पण हातात पडायच्या आधी. १,५०० वाढले तर ५०० व्हीपीएफला, तरी हातात १,००० जास्त येतातच, त्यामुळे टोचत नाही. एचआरला लेखी अर्ज किंवा मेल द्यायचा एवढंच काम असतं, पण बऱ्याच कंपन्या हे आर्थिक वर्षाच्या सुरुवातीलाच घेतात आणि मध्येच बंद करू देत नाहीत, ते आधी विचारून घ्या.

आणि नोकरी बदलताना पीएफ काढू नका, ट्रान्सफर करा, यूएएन (पीएफचा आपला कायमचा नंबर) तोच राहतो. हे मी कळकळीने सांगते कारण मी स्वतः सत्ताविसाव्या वर्षी पहिल्या नोकरीचा सगळा पीएफ काढला होता, घरात लग्न होतं, आणि तेव्हा मला थांब म्हणणारं कोणीच नव्हतं. सलग पाच वर्षं व्हायच्या आत काढला तर टॅक्स पण लागू शकतो, ट्रान्सफर केला तर आधीची वर्षं धरली जातात. आजारपण, घर, लग्न, शिक्षण यासाठी नियमात बसेल तेवढे पैसे मध्ये काढता येतात, हे ऐकलं की पोरं जरा मोकळी होतात, पैसे अडकले असं वाटत नाही.

ज्यांना पीएफच नाही, म्हणजे डिलिव्हरीवाली, दुकानात काम करणारी, त्यांना पोस्टातलं पीपीएफ (कोणालाही स्वतः उघडता येणारं पब्लिक प्रॉव्हिडंट फंड) खातं दाखवा, वर्षाला ५०० पासून चालतं, पण मुदत १५ वर्षांची असते. टॅक्स भरत नसतील तर अटल पेन्शन योजना पण आहे, पंचविसाव्या वर्षी सुरू केली तर साठीनंतर महिना ५,००० पेन्शनसाठी महिन्याला ३७६ रुपयांचा हप्ता.

तो लातूरचा मुलगा १,००० वर तयार झाला. पुढच्या महिन्यात स्लिप निघाल्यावर दारात येऊन म्हणाला, "मॅडम, व्हीपीएफची ओळ आली. माझा रूममेट दुसऱ्या कंपनीत आहे, त्याला पासबुक कसं उघडायचं ते सांगाल का?" मी म्हटलं रविवारी घेऊन ये, आणि त्याचा यूएएन आधारला लिंक आहे का ते आधी बघून ये.