ॲडमिट झाल्या दिवशीच करायची कामं: पुण्यात रुग्णालयाच्या खर्चात सवलत कशी मिळवावी

रुग्ण दाखल झाला की घरची चार माणसं खाटेभोवती उभी राहतात. त्यातल्या एकाने तिथून निघून सरळ तळमजला गाठावा. आरोग्यमित्राचं (सरकारी आरोग्य योजनेच्या रुग्णालयातल्या मदतनिसाचं) टेबल, समाजसेवा विभाग आणि टीपीए डेस्क (विम्याचे दावे बघणारी खिडकी) बहुतेक ठिकाणी बिलिंगच्या आसपासच असतात. सवलतीचे जवळजवळ सगळे अर्ज उपचार चालू असतानाच करावे लागतात. बिल भरून पावती घेतली की मागणं फार अवघड होऊन बसतं.

हा ‘कागदांचा माणूस’ शेवटपर्यंत एकच ठेवा. आज मेहुणा, उद्या पुतण्या अशी पाळी लावली की नेमका मंजुरीचा कागद कुणाच्या तरी गाडीच्या डिकीत राहतो. त्याच्याजवळच्या फाइलमध्ये रेशनकार्ड, रुग्णाचं आधार, उत्पन्नाचा दाखला, सगळ्यांच्या दोन-दोन झेरॉक्स आणि रुग्णाचे पासपोर्ट फोटो असावेत. आयपीडी नंबर (दाखल रुग्णाचा नोंदणी क्रमांक) फाइलच्या वर मोठ्या अक्षरात लिहा, कारण प्रत्येक खिडकीवर पहिला प्रश्न तोच असतो.

ससून, औंधचं जिल्हा रुग्णालय, महापालिकेचं कमला नेहरू, पिंपरीचं वायसीएम इथे खर्च मुळातच कमी असतो. खरी धावपळ खासगी आणि धर्मादाय रुग्णालयांत करावी लागते. रुबी हॉल, जहांगीर, दीनानाथ मंगेशकर, केईएम, पूना हॉस्पिटल ही सगळी धर्मादाय म्हणजे ट्रस्टची रुग्णालयं आहेत. इमारत आणि लॉबी बघून ते कुणाच्या लक्षात येत नाही, म्हणून विचारायचंही राहून जातं.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक नुसार अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. त्यासाठी रुग्णालयाच्या एकूण बिलिंगच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर रुग्ण निर्धन गटात येतो, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल गटात. इमर्जन्सीत आधी दाखल करून जीव वाचवणारे उपचार द्यायचे आणि या दोन्ही गटांकडून अनामत रक्कम मागायची नाही, असं योजनेतच लिहिलेलं आहे. काउंटरवर डिपॉझिट मागितलं तर वाद घालत बसू नका. “निर्धन रुग्ण निधीतून अर्ज करायचा आहे, समाजसेवकांना भेटायचंय” एवढंच म्हणा आणि लेखी अर्ज देऊन त्याच्या प्रतीवर पोच घ्या.

‘खाटा शिल्लक नाहीत’ हे उत्तर सर्रास मिळतं. रिकाम्या राखीव खाटांची माहिती धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर असते. तिचा स्क्रीनशॉट मोबाइलवर ठेवा. तरीही नकार आला तर तो लेखी मागा आणि पुण्याच्या धर्मादाय सहआयुक्त कार्यालयात तक्रार द्या. नुसत्या तोंडी नकारावर तक्रार टिकवणं कठीण जातं.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची वाट वेगळी. आता पांढरं रेशनकार्डही चालतं आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. मात्र रुग्णालय योजनेत हवं आणि आजार ठरलेल्या यादीत बसायला हवा. १५५३८८ वर फोन करून दोन्ही विचारून घ्या. ऑपरेशनच्या आधी मंजुरी घ्यावी लागते; वेळ नसेल तर ‘इमर्जन्सी आहे’ असं आरोग्यमित्राला स्पष्ट सांगा, म्हणजे तो फोनवरून मंजुरीची सोय बघतो. रोख भरून नंतर परतावा मागायची सोय या योजनेत नाही. अर्ज बहुतेक वेळा अडतो तो नावावर: रेशनकार्डावर ‘सुमन’, आधारवर ‘सुमनबाई’, किंवा लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव अजून माहेरच्या कार्डावरच. दवाखान्याची वेळ यायच्या आधीच हे दुरुस्त केलेलं बरं.

एक फसगत नेहमीची. पहिल्या रात्री दगदग नको म्हणून स्पेशल रूम घेतली जाते. सवलत व्यवहारात जनरल वॉर्डाच्या खाटेला मिळते, त्यामुळे रूम घेतली की सगळा हिशेबच बदलतो. नुसतं खोलीचं भाडं वाढत नाही; बऱ्याच ठिकाणी डॉक्टरांची फी आणि ऑपरेशनचा दरही रूमच्या वर्गाप्रमाणे चढतो.

पुणे महापालिका हद्दीत राहणाऱ्या गरीब कुटुंबांसाठी महापालिकेची शहरी गरीब योजना आहे. तिचं कार्ड आधीच काढून ठेवा आणि डिस्चार्जपूर्वी महापालिकेकडून हमीपत्र आणा.

विमा असेल तर टीपीए डेस्कला पॉलिसी पहिल्याच दिवशी द्या. २०२४ च्या नियमांनुसार कॅशलेसच्या पहिल्या विनंतीवर विमा कंपनीने १ तासात आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीवर ३ तासांत निर्णय द्यायचा असतो. उशीर बऱ्याचदा त्याच्या आधीच होतो, म्हणजे वॉर्डातून फाइल बिलिंगला खाली यायलाच. ‘उद्या सोडू’ असं डॉक्टर म्हणाले की त्याच संध्याकाळी न वापरलेली औषधं, सुया, सलाइनच्या बाटल्या फार्मसीत परत करा. ते पैसे बिलातून वजा होतात आणि सकाळचे दोन तासही वाचतात.

निघताना सही-शिक्क्याचं डिस्चार्ज कार्ड, तपशीलवार बिल, सगळ्या पावत्या, एक्स-रे आणि एमआरआयच्या फिल्म, इम्प्लांट बसवलं असेल तर त्याचं स्टिकर, आणि बायोप्सीचा रिपोर्ट यायचा असेल तर तो कधी व कुठून घ्यायचा ते लिहून घ्या. बीपी-शुगरच्या जुन्या गोळ्या चालू ठेवायच्या की थांबवायच्या, हे डिस्चार्ज कार्डावर बऱ्याचदा नसतं. निवासी डॉक्टरांकडून तिथेच लिहून घ्या. केस पेपरची प्रत लेखी मागितल्यास ७२ तासांत मिळायला हवी.