कॅनडात राहता आणि फुटबॉल आवडतो? मग इथली घरची लीग अशी बघायला घ्या

टोरोंटो, हॅमिल्टन, कॅल्गरीकडे राहणारे आपले कितीतरी लोक वीकेंडला सकाळी लवकर उठून इंग्लंडच्या मॅचेस बघतात, पण घरापासून अर्ध्या तासावर प्रोफेशनल फुटबॉल चालू असतो हे त्यांना माहीतच नसतं. मला खरंच वाईट वाटतं त्याचं, म्हणून हे लिहितोय.

आधी एक गोंधळ दूर करू. टोरोंटो, व्हँकुव्हर आणि मॉन्ट्रियलचे मोठे क्लब एमएलएसमध्ये खेळतात, म्हणजे ती मुळात अमेरिकेची लीग. कॅनडाची स्वतःची लीग म्हणजे कॅनेडियन प्रीमियर लीग, सीपीएल, २०१९ पासूनची. त्याच्या आधी १९८७ ते १९९२ एक लीग होती ती बंद पडली आणि मग पंचवीसहून जास्त वर्षं पुरुषांची देशभराची लीगच नाही! पोराला फुटबॉलर व्हायचं तर देश सोडायचा. पुण्याकडून आयएसएल खेळलेला इयान ह्यूम आठवतो का, तो ब्रॅम्प्टनमध्ये वाढलेला, त्याला पण पोरवयातच इंग्लंड गाठावं लागलं.

सुरुवात ग्राउंडवर जाऊन करा, टीव्हीवर नको. जवळचा क्लब कुठला ते बघा, हॅमिल्टनला फोर्ज, कॅल्गरीला कॅव्हलरी, हॅलिफॅक्सला वाँडरर्स, ओटावाला अ‍ॅटलेटिको (माद्रिदवाल्यांनीच काढलेला), टोरोंटोत इंटर टोरोंटो (२०२५ पर्यंत नाव यॉर्क युनायटेड). हॅमिल्टनला पहिल्या मॅचला १७,६११ लोक होते, पण एरवी बरीच ग्राउंड छोटी, पाच-सहा हजारांची, आणि खरी मजा तिथेच. हॅलिफॅक्सचं ग्राउंड भर गावात, सिटाडेल टेकडीच्या पायथ्याशी. मी तिथे गोलच्या मागे उभा होतो तर कॉर्नरच्या वेळी गोलकीपर डिफेंडरला काय ओरडतोय ते शब्दन्शब्द ऐकू येत होतं, कोणी कोणाला धरायचं, कोणी पुढे सरकायचं, सगळं. टीव्हीवर आयुष्यभर बघून जेवढं कळलं नव्हतं तेवढं डिफेन्सबद्दल त्या नव्वद मिनिटांत कळलं.

आता लेव्हल. सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच की दर्जा कसा आहे, आणि लोक लगेच इंग्लंडच्या प्रीमियर लीगशी तुलना करून मोकळे होतात. तसं करू नका. दोन गोष्टी बघा.

पहिली, टीमशीट उघडा आणि वयं बघा. प्रत्येक क्लबला सीझनमध्ये एकवीस वर्षांखालच्या कॅनेडियन पोरांना मिळून किमान २००० मिनिटं खेळवावी लागतात आणि परदेशी खेळाडूंवर मर्यादा आहे, त्यामुळे एकोणीस वर्षांचा पोरगा तिशीतल्या कसलेल्या स्ट्रायकरला मार्क करताना दिसतो, चुकतो, पुढच्या आठवड्यात परत उतरतो. माझ्या मते या लीगचं सगळ्यात मोठं काम हेच आहे. जोएल वॉटरमन बघा, युनिव्हर्सिटीत खेळत होता, ड्राफ्टमधून (क्लब पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात ते) कॅव्हलरीत आला, एक सीझन खेळला, २०२० च्या सुरुवातीला मॉन्ट्रियलने विकत घेतला आणि २०२२ ला कॅनडाच्या वर्ल्ड कप स्क्वाडमध्ये! सीपीएल नसती तर तो कुठे दिसला असता?

दुसरी, कॅनेडियन चॅम्पियनशिप चुकवू नका. ही नॉकआउट कप स्पर्धा, यात सीपीएलवाले आणि एमएलएसवाले थेट भिडतात, म्हणजे चुरस किती वाढलीये ते मोजायची ही खरी जागा. २०१९ ला पहिल्याच सीझनमध्ये कॅव्हलरीने एमएलएसच्या व्हँकुव्हर व्हाइटकॅप्सना त्यांच्याच घरी २-१ ने हरवलं. २०२१ ला सीपीएलच्याच पॅसिफिकने त्याच व्हाइटकॅप्सना ४-३ ने. आणि २०२५ ला व्हँकुव्हर एफसी (ही सीपीएलची वेगळी टीम), जी लीगमध्ये तळाला होती, ती थेट फायनलला पोचली, हरली ४-२ पण दोन गोल केलेच. कप मात्र अजून एमएलएसवाल्यांकडेच जातो, अंतर आहे, ते मान्य.

प्लेऑफ समजायला आपल्याला काहीच त्रास नाही, २०२५ पर्यंत तरी साधारण आयपीएलसारखंच होतं, पहिल्या दोघांतला जिंकणारा डायरेक्ट फायनलला, हरणाऱ्याला अजून एक चान्स. नवीन माणसाला दाखवायला २०२५ ची ओटावातली फायनल शोधा. नोव्हेंबर, धो धो बर्फ, मध्ये मध्ये मॅच थांबवून फावड्यांनी लाइनी मोकळ्या करतायत, आणि त्यात ओटावाच्या डेव्हिड रॉड्रिगेझने बायसिकल किक (हवेत उलटं होऊन डोक्यावरून मारलेली) मारून बरोबरी केली, मग एक्स्ट्रा टाइममध्ये विनर पण त्यानेच. मी घरात एकटाच ओरडलो, बायको धावत आली काय झालं म्हणून.

मुलगी असेल तर नॉर्दर्न सुपर लीग बघाच, बायकांची, एप्रिल २०२५ पासून, सहा टीम. कॅनडाच्या बायकांनी टोकियोला ऑलिंपिक गोल्ड जिंकलं तेव्हा त्यांना घरची प्रोफेशनल लीग नव्हती यावर विश्वास बसत नाही. माजी खेळाडू डायना मॅथिसन मागे लागली म्हणून ही उभी राहिली आणि पहिली ट्रॉफी व्हँकुव्हर राइजने नेली.

एक काळजी मात्र आहे. एडमंटनचा क्लब २०२२ नंतर गेला, विनिपेगचा व्हॅलर २०२५ ला बंद झाला. देश एवढा लांबरुंद की बहुतेक अवे मॅचेसना विमान, आणि गेटवर गर्दी नसेल तर हिशोब बसत नाही. क्युबेकमधून नवीन क्लब आलाय हे चांगलंच, पण तुम्ही काढलेलं तिकीट इथे खरंच मोजलं जातं, म्हणून फुकटच्या हायलाइट्सवर थांबू नका.

सीझन एप्रिलमध्ये सुरू होतो. एप्रिल म्हटल्यावर आपण हलकं जॅकेट घालून जातो, तसं जाऊ नका, संध्याकाळी हुडहुडी भरते. थर्मल घाला, आणि पोरांचे ग्लोव्ह्ज गाडीत राहू देऊ नका.